सतरावा बोल्ट

लाल रेघ मधोमध तुटली होती. अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी खालच्या रिंगवर, आणि मधे गव्हाच्या दाण्याएवढं अंतर... म्हणजे बोल्ट फिरला होता. आत्ता, तिच्या हातातल्या पान्याखाली, जराही कुरकुर न करता, पाव फेरा, त्याहून थोडा जास्तच — आणि मग कुठे पान्यातून 'कट्' असा आवाज आला. तो आवाज आधी यायला हवा होता. ठरलेला जोर पोचला की वाजणाऱ्या टॉर्कच्या पान्याला नीट आवळलेला बोल्ट जागेवरच उत्तर देतो. पाना लावला, जोर दिला, कट्. सोळा बोल्टांनी तसंच दिलं होतं. हा सतरावा.

संघमित्राने पाना मांडीवर ठेवला. गाळ्यात दुसरं कोणी नव्हतं. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत दुपारी दीडनंतर लेथ थांबतात, पलीकडचा पावडर कोटिंगवाला शटर अर्धं ओढून घेतो, आणि एरवी ज्याकडे लक्ष जात नाही तो आपल्याच पंख्याचा आवाज ऐकू यायला लागतो. तीन आठवडे ती या वेळेची वाट बघत आली होती. नाना एक वाजता जेवायला घरी जातात. नाना म्हणजे तिचे वडील, भीमराज. पण अख्खी इस्टेट त्यांना नानाच म्हणते. जेवून ते पडतात आणि चारला परत येतात. मधल्या वेळात ती त्यांनी सकाळी बसवलेलं एकेक चाक पुन्हा ड्रमवर आडवं घेते आणि त्यांचे बोल्ट तपासते. चोरून. त्यांच्याच पान्याने. तीन आठवड्यांत असे किती बोल्ट तिने तपासले असतील याचा हिशेब तिने ठेवला नव्हता. एवढंच माहीत होतं की त्यांतला एकही फिरला नव्हता.

आणि आज फिरला तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं? धस्स झालं असं म्हणायला तिला आवडलं असतं. तसं झालं नाही. पहिल्यांदा वाटलं, सुटले. सुटले मी एकदाची... रोजचं ते पंचेचाळीस किलोंचं धूड उचलणं, रोज दुपारी पोटात तो गोळा, आणि तीन वाजता काही सापडलं नाही म्हणून हायसं वाटतंय की उद्या पुन्हा हेच करायचं म्हणून वैताग येतोय ते न कळणं — संपलं ते. सापडला. आता विशालला सांगता येईल, हो रे बाबा, तुझंच खरं. मग लाज वाटली. पण लाज दुसऱ्या क्रमांकावर आली, हे तिने स्वतःशी मान्य केलं. खोटं कशाला बोला.

विशाल, तिचा धाकटा भाऊ, मुलुंडला राहतो आणि विमा कंपनीत धोक्यांचा अंदाज काढायचं काम करतो, त्यामुळे त्याला सगळीकडे धोकाच दिसतो असं ती त्याला चिडवायची. दोन महिन्यांपूर्वी नाना अंधेरी स्टेशनापाशी स्कूटर लावून रिक्षाने घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्डिंगभर स्कूटर शोधत फिरले. मग एकदा तिला त्यांनी जानकी म्हणून हाक मारली. जानकी त्यांची बहीण, जालन्याला असते. मग आईने सांगितलं की चहा झाल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा चहा मागतात, आणि दिला तर पितात. नानांचं वय अडुसष्ट. विशालने पवईतल्या एका डॉक्टरची गुरुवारची वेळ घेतली आणि नानांना सांगायचं काम हिच्यावर टाकलं. वर म्हणाला, ताई, त्यांच्या हातात आता काम देऊ नकोस, कोणाचा तरी जीव जाईल. ती म्हणाली, एक बोल्ट ढिला सापडू दे, त्या दिवशी मी स्वतः त्यांना सांगेन. असं बोलून जायला काय लागतं?

कारण बोल्टांत नाना चुकणार नाहीत याची तिला खात्री होती. स्कूटर विसरतील, माणसं विसरतील, जेवलो की नाही तेही एखाद्या दिवशी विसरतील, पण चाक नाही. डोंगरात, चिखलात गाड्या घालणारे हे हौशी लोक टायरमधली हवा पार कमी करतात, म्हणजे रबर पसरून जमीन धरतं. पण मग साध्या रिमवरून टायर निसटतो. म्हणून ही बीडलॉकची चाकं: टायरची बाहेरची कड रिमवर ठेवायची, वरून लोखंडी रिंग बसवायची, आणि चोवीस बोल्टांनी ती कड मधे चिमटीत पकडायची. एकदम नाही. समोरासमोरचे बोल्ट घेत, आधी हलके, मग मध्यम, मग आतली कड बसवायला हवा भरायची, टायर 'धप्प' म्हणून बसला की पुन्हा सगळी फेरी, पूर्ण जोराने. रबर दबतं, आधीचे ढिले पडतात, म्हणून पुन्हा एक. दुसरे लोक हवेच्या गनने घरर्र करून दहा मिनिटांत चाक उरकतात. नाना गनला हात लावू देत नाहीत. गनला कळत नाही, म्हणतात, हाताला कळतं.

आणि शेवटच्या फेरीला नेलपॉलिश. पूर्वी आईचं असायचं, आता घाऊक आणतात. बोल्ट पुरा आवळला, कट् ऐकला, की बोल्टच्या डोक्यावरून रिंगपर्यंत एक लाल रेघ. गाडी आरे कॉलनीच्या खड्ड्यांतून पिकनिक स्पॉटपर्यंत फिरवून आणायची, आणि आल्यावर रेघ बघायची: सरळ असेल तर बोल्ट जागेवर, मोडली असेल तर हलला. गाळ्याचा कायदा एकच. ज्याने आवळला त्यानेच रेघ ओढायची. कट् आपल्या कानाने ऐकल्याशिवाय रेघ नाही. पॉलिटेक्निकला असताना सुट्टीत पहिल्यांदा तिला पाना हातात दिला तेव्हाही हेच सांगितलं होतं. रेघ म्हणजे सही, असं काही भारीतलं ते बोलले नाहीत. रेघ बघून दुसरा माणूस विश्वास ठेवतो, एवढंच म्हणाले.

...म्हणजे नानांनी कट् न ऐकता रेघ ओढली. एक बोल्ट तसा काही चाक निखळवत नाही, पण त्याचा भार शेजारच्यांवर जातो, मग शेजारचे सैल पडतात, मग दरीच्या कडेला हवा सुटते... शौनकच्या गाडीची ही चाकं. शौनक पवईला एका कंपनीत इंजिनीअर आहे, शनिवारी बायकोला घेऊन डोंगरात जातो. ते सगळं पुढचं. आज तो पाच वाजता गाडी घेऊन येणार, त्याआधी चारला नाना येणार. आणि मी त्यांना सांगणार.

कसं सांगणार? ती ड्रमला टेकून तशीच फरशीवर बसली. नाना, बसा जरा. नाना, रागावू नका. नाना, तिसऱ्या चाकाचा सतरावा... ते चष्मा कपाळावर सरकवतील. बोल्टकडे बघतील. मग वाद घालतील — नाही, घालणार नाहीत. हेच तर. वाद घातला असता तर बरं झालं असतं; ती आवाज चढवू शकली असती, रडू शकली असती, मुंबईभर बाप-लेकी भांडतात तसं भांडता आलं असतं. पण तिने सांगितलं की ते मान डोलावतील. तिच्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नाही. नवरा सोडून परत आली तेव्हासुद्धा तिने एकच वाक्य सांगितलं होतं आणि त्यांनी दुसरं विचारलं नव्हतं. तसेच ते उठतील, पाना पुसतील, तिच्या हातात देतील आणि घरी जातील. आणि आई दार उघडून विचारेल, एवढ्या लवकर कसे?

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चला, आलं एकदाचं.

बोल्ट आता आवळला गेला होता, पण मोडकी रेघ तशी ठेवून चालणार नव्हतं. थिनरने पुसून नवी ओढायची. तिने चिंधी भिजवली आणि वाकली. डोळे पुसले नसल्यामुळे म्हणा, किंवा फार जवळून बघत असल्यामुळे म्हणा, तिला आधी ते नीट कळलं नाही. रेघेचा थेंब चुकीच्या जागी होता.

ब्रश पहिल्यांदा टेकतो तिथे पॉलिशचा थेंब जाड राहतो, पुढे रेघ बारीक होत जाते. शेजारच्या सोळाव्याचा थेंब रिंगवर. अठराव्याचा रिंगवर. एकोणिसावा, विसावा, सगळे रिंगवर. नाना रेघ बाहेरून आत ओढतात, रिंगवर सुरू करून बोल्टवर संपवतात. ते तसं का ओढतात कोण जाणे. आणि हा सतरावा, ह्याचा थेंब बोल्टच्या डोक्यावर. आतून बाहेर. तिने चिंधी खाली ठेवली आणि गुडघ्यांवर रांगत चाकाभोवती फिरली. पाचव्याचा थेंब डोक्यावर. अकराव्याचा डोक्यावर. हे दोन्ही तिने मघाशी तपासले होते, दोन्ही घट्ट होते. मग भिंतीपाशी उभं असलेलं चौथं चाक, जे सकाळी तिने एकटीने केलं होतं — चोवीसच्या चोवीस, थेंब बोल्टच्या डोक्यावर.

नाही... मी तिसऱ्या चाकाला हात लावला नाही. तिने हे मोठ्याने म्हटलं, पंख्याला. मी चौथ्यावर होते. मग नाना व्हॉल्व्हचा वायसर आणायला भीमाच्या दुकानात... नाही, भीमा नव्हे, बाळाच्या. समोरच्या बाळाच्या दुकानात गेले. त्याच वेळी विशालचा फोन आला. ती फोन घेऊन दारात उभी होती, समोर पाण्याचा टँकर मागे घेत होते, हे तिला लख्ख दिसत होतं. ताई, बोललीस का नानांशी? बोलते रे. आज नक्की ना? नक्की. परवा दूध उतू गेलं ना, आई लपवते, पण मला कळलं, गॅस चालू ठेवून ते खिडकीत उभे होते... ती म्हणाली, विसरतो रे माणूस. विशाल म्हणाला, हेच तर तुला कळत नाही, ज्याला विसरायला होतं त्याला आपण विसरलो हे कळतसुद्धा नाही.

दारात उभी होती. टँकर होता. पण टँकर ड्रमपाशी बसूनही दिसतो.

तिने खिशातून फोन काढला. निळं कव्हर, त्याच्या कडेला एक लाल फराटा. तो तिने दुपारपासून दोनदा बघितला होता आणि ओरखडा समजली होती. नखाने खरवडला; नखात लाल पापुद्रा आला. मग हळूहळू, कोणीतरी दुसऱ्याने सांगितल्यासारखं तिला आठवत गेलं: नानांना उशीर होतोय, शौनक पाचला येणार, म्हणून तिने त्यांचा पाना उचलला. पाचवा मारला, रेघ. अकरावा मारला, रेघ. फोन वाजला. फोन मान आणि खांद्याच्या मधे धरून पान्यावर जोर देता येत नाही — पण ब्रश धरता येतो. हाताला पुढची पायरी माहीत होती, हात पुढे गेला. सतराव्यावर रेघ ओढली. त्याच मिनिटाला, तेच वाक्य ऐकत. मग नाना आले, त्यांनी पाना घेतला, रेघ बघितली, विश्वास ठेवला आणि पुढच्या बोल्टला गेले.

संघमित्रा हसायला लागली. आवाज न करता हसता हसता तिला उचकी लागली, तशी ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. चूक माझी आहे. माझी! बेचाळीस वर्षांची, डिप्लोमा झालेली, रोज चोरून बापाची तपासणी करणारी मी. एवढा आनंद तिला स्वतःच्या एखाद्या बरोबर आलेल्या उत्तराचाही झाला नव्हता. छातीवरून काहीतरी उचललं गेलं, आणि पाठोपाठ तिला दुसरी गोष्ट दिसली: थेंब बघितला नसता तर? चार वाजता तिने सांगितलं असतं, त्यांनी मान डोलावली असती, आणि न केलेल्या चुकीसाठी तो माणूस आयुष्यभराचं काम सोडून उठला असता; आणि तिलाही कधी कळलं नसतं. उलट आपण किती नाजूकपणे सांगितलं म्हणून तिने स्वतःचं कौतुक केलं असतं.

तिने सतरावा पुसला, पाना लावला, कट् ऐकला, रेघ ओढली. उरलेले सात तपासले. जागेवर. मग चाक उतरवून भिंतीशी लावलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. अर्थात स्कूटर स्टेशनापाशी राहिलीच होती. दूध उतू गेलंच होतं. एका बोल्टने नानांचं काही खराब झालं नव्हतं तसं काही बरंही होणार नव्हतं, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. पण आज, आजच्यापुरतं, चाक त्यांनी चुकवलं नव्हतं. आजच्यापुरतं पुरे, असं तिने स्वतःला बजावलं.

नाना सव्वातीनलाच आले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळाला अजून उशीची घडी.

"जेवलीस?"

"नाही अजून."

"तीन वाजून गेले. डबा काय शोभेला ठेवलाय?"

ती उभी राहिली. "नाना, तिसऱ्या चाकाचा सतरावा राहिला होता. माझ्याकडून. तुम्ही वायसर आणायला गेलात तेव्हा मी तुमचे तीन बोल्ट घेतले. दोन आवळले, एकावर नुसतीच रेघ ओढली. विशालचा फोन चालू होता."

नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. चाकाकडे गेले, वाकले, बोटाने सतरावा शोधला. ताजी रेघ त्यांच्या बोटाला लागली.

"कामात फोन घ्यायचा नाही."

"हो."

"आणि दुसऱ्याच्या चाकाला हात लावायचा नाही. कितीदा सांगितलंय."

"हो नाना."

किती वर्षांनी ती त्यांचा असा ओरडा खात होती. तो संपू नये असं तिला वाटत होतं, पण नाना थोडक्यात आटपणारे. त्यांनी बोट चिंधीला पुसलं.

"बरं झालं तपासलंस."

"आज सहज म्हणून..."

"सहज काय? रोजच तपासतेस की."

ती डबा घ्यायला वळली.

"चाक परत ठेवताना तू व्हॉल्व्ह भिंतीकडे करतेस," नाना म्हणाले. "मी दाराकडे ठेवतो. चारला येऊन बघतो तर सगळे भिंतीकडे. आता चाकं काय आपली आपण वळतात होय?"

"मग बोलला का नाहीत मला?"

ते खुर्चीवर बसले. पायातल्या चपला काढून त्यांनी त्या एकमेकींच्या शेजारी नीट लावल्या.

"काय बोलायचं? दुपारची झोप यायला लागली मला. आधी नुसता पडायचो. डोळे मिटले की बोल्टच दिसायचे... हा मारला का, तो मारला का. उठून परत यावंसं वाटायचं, पण तू काय म्हणशील. मग एक दिवस व्हॉल्व्ह बघितले. म्हटलं, संघू बघतेय. झोपा आता, भीमराज."

पलीकडच्या गाळ्यात लेथ सुरू झालं. म्हणजे त्यांनाही... तीन आठवडे ती ज्याला भीत होती त्याला ते तिच्याआधीपासून भीत होते. आणि तिच्या चोरीवर निवांत झोपत होते. हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्या वाईट वाटण्याच्या खाली मघाचंच सुटल्याचं सुख आणखी पसरलं होतं. आता चोरी नव्हती. उद्यापासून ती त्यांच्यासमोर तपासू शकेल. किंवा ते तिचे तपासतील. तपासायलाच हवेत, आजचा पराक्रम बघता.

"आणि गुरुवारी तू चल," नाना म्हणाले. "विशाल नको. तो डॉक्टरला बोलूच देणार नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलं गुरुवारचं?"

"तुझ्या आईच्या पोटात काही राहतं होय?"

तिने डबा उघडला. भेंडी गार झाली होती, तरी तिने चारही पोळ्या खाल्ल्या. नाना दुसऱ्या चाकाच्या रेघा बघत बसले होते, ओठ हलवत, बोटाने एकेक बोल्ट पुढे सरकत. मधेच थांबले. कुठपर्यंत आलो ते विसरले असावेत; पुन्हा व्हॉल्व्हपासून सुरुवात केली. तिने ते बघितलं. बघितलं आणि पोटात गोळा आला नाही. त्याची ती वाट बघत राहिली, तरी आला नाही.

"नाना, मी जरा पडू का? शौनक यायला वेळ आहे."

"पड की."

कपाटामागे रिकाम्या टायरच्या पिशव्यांचा ढीग होता, त्यावर ती आडवी झाली. रबराचा वास, नानांचं पुटपुटणं, सात, आठ, नऊ... गुरुवारी डॉक्टर काय सांगतील ते तिला माहीत नव्हतं. नानांनाही नव्हतं. कदाचित फार वाईट सांगतील, मग पुढे काय काय करावं लागेल, आईला कोण सांगणार, गाळा... पण त्यांना माहीत नाही हे आता तिला माहीत होतं, आणि तिला माहीत नाही हे त्यांना. आणि एवढ्याशा गोष्टीने इतकं हलकं का वाटावं, याचा तिने नीट विचार करायला घेतला, पण तो अर्ध्यावर आला तोच तिचा डोळा लागत गेला...